पेयोटे : एक बिनकाटी निवडुंग आणि त्याची जमीन



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले की तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. त्यामुळे आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांना छापखान्याची चूक झाली असे वाटले असेल. चूक झालेली नाही. मी आज एका निवडुंगाविषयीच बोलणार आहे. तो आपल्या देशात उगवत नाही, आणि तो जेथे उगवतो तेथे मी गेलेलो नाही. वनस्पतिशास्त्राचा मी विद्यार्थीही नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या टेबलाशी आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयाशी माझी गाठ कशी पडली, हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यात एका कामगाराला बडतर्फ करण्यात आले. आषाढी वारीसाठी त्याने रजा मागितली होती, ती नाकारली गेली, तरी तो गेला. घराण्यात चार पिढ्या वारी चुकलेली नाही, एवढेच त्याचे म्हणणे. परत आला तेव्हा आरोपपत्र तयार होते. चौकशी झाली आणि 'गैरवर्तन' शाबीत झाले. पुढे दावा चालला, तडजोड होऊन तो कामावर परत आला. पण मधल्या चौदा महिन्यांचा पगार बुडाला तो बुडालाच. त्या दिवसांत एक वकीलमित्र मला म्हणाले, "अमेरिकेत असाच एक खटला झाला आहे. धर्मविधीत भाग घेतला म्हणून दोघांना कामावरून काढले, बेकारभत्ताही नाकारला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सगळा वाद एका निवडुंगावरून!" मी तो निकाल मिळवला आणि शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचत बसलो. निकाल वाचून संपला, पण निवडुंग काही डोक्यातून जाईना. तो कोठे उगवतो, कोण तोडतो, कोणाच्या जमिनीत उगवतो, हे शोधता शोधता एक मोठा इतिहास समोर उभा राहिला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. आपण 'निवडुंग' हा शब्द सैलपणे वापरतो. शेताच्या बांधावरचा चीक गळणारा त्रिधारी निवडुंग हा शास्त्रज्ञांच्या लेखी कॅक्टस नव्हेच. तो एरंडाच्या कुळातला. फड्या निवडुंग, ज्याची लाल बोंडे लहानपणी आपण काटे काढून खाल्ली आणि जीभ रंगवून घरी आलो, तो मात्र खरा कॅक्टस, आणि तो मूळचा आपला नाही. अमेरिका खंडातून जहाजाने आलेला पाहुणा आहे. एखाददुसरा अपवाद सोडला तर कॅक्टसचे सारे कूळ मूळचे अमेरिका खंडातलेच.

याच कुळातला एक लहानसा भाईबंद म्हणजे पेयोटे. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या भाषेतला 'पेयोत्ल' हा त्याचा मूळ शब्द. शास्त्रीय नाव लोफोफोरा विल्यम्साय. त्याला काटा नाही. ज्या कुळाची ओळखच काट्यांवरून, त्यात हा बिनकाट्याचा. काट्यांच्या जागी पांढुरक्या लोकरीचे बारीक झुबके असतात. रंग निळसर हिरवा, आकार चपट्या चेंडूसारखा. रुंदी चार ते बारा सेंटिमीटर, म्हणजे फार तर एका तळहाताएवढी, आणि जमिनीच्या वर दोन-चार बोटे. त्याचा खरा संसार जमिनीखाली: गाजरासारखे जाडजूड मूळ. पाऊस नसेल तेव्हा हे मूळ आकसते आणि वरचा गोळा खाली ओढून घेते, तो इतका की जमिनीच्या बरोबरीने बसतो, अंगावर धूळ जमते आणि जाणारायेणाराचा पाय पडला तरी कळत नाही. पाऊस पडला की तो पुन्हा फुगून वर येतो. माथ्यावर फिकट गुलाबी फूल येते, मग लहान गुलाबी फळ आणि त्यात काळे बी. वाढ अत्यंत मंद. रानात बी पडून रोपाला पहिले फूल येईपर्यंत दहा वर्षेही लागू शकतात. म्हणजे आज उगवलेले रोप फुलेल तेव्हा आज पहिलीत बसलेला मुलगा शाळा संपवत आलेला असेल. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

त्याचे घर मेक्सिकोच्या उत्तर भागात. नकाशावर उत्तरेला रिओ ग्रांदे नदी आहे. तिच्या पलीकडे अमेरिकेतले टेक्सस राज्य. नदीच्या दोन्ही काठांपासून दक्षिणेला सान लुइस पोतोसी प्रांतापर्यंत चिवावाचे वाळवंट आणि त्याला लागून काटेरी झुडुपांचे रान पसरले आहे. नदीकाठी समुद्रसपाटीहून फारशी उंच नसलेल्या जमिनीपासून दक्षिणेतल्या अठराशे मीटर उंचीच्या पठारापर्यंत, चुनखडीच्या जमिनीत, हा निवडुंग विखरून वाढतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो टेक्ससखेरीज कोठेही रानात उगवत नाही.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघडी वाळू येते. हे तसे नाही. येथे क्रिओसोट नावाचे कडवट वासाचे झुडूप आहे, घायपाताच्या जातीची धारदार पानांची झाडे आहेत, बाभळी आहेत, आणि मेस्कीट आहे. हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडे ओसाड जमिनीवर माजलेल्या वेड्या बाभळीचे सख्खे नातलग. पेयोटेचे रोप बहुतेक यांच्याच सावलीला असते. उघड्यावर पडलेले बी उन्हाने करपते किंवा प्राण्यांच्या पायाखाली जाते. झुडपाच्या बुडाशी पडलेले बी जगते. शास्त्रज्ञ अशा झुडपाला दाई म्हणतात. म्हणजे हे रोप एकट्याने जगत नाही. झुडूप गेले की रोप गेलेच, कोणी त्याला हात लावला नाही तरी. हाही मुद्दा लक्षात ठेवा.

आता माणसांकडे येऊ. या निवडुंगात मेस्कलिन नावाचे द्रव्य आहे. आर्थर हेफ्टर या जर्मन संशोधकाने १८९७ साली ते वेगळे काढून, स्वतः घेऊन, त्याचा परिणाम सिद्ध केला. १९१९ साली अर्न्स्ट श्पेट याने ते प्रयोगशाळेत बनवले. ते पोटात गेले की रंग आणि आकृती दिसतात, मनाची अवस्था पालटते. आपल्या देशातही कायद्याने ते निषिद्ध आहे. मी ते खाण्याचा पुरस्कार करण्यास उभा नाही. आमच्या घरी माळ आहे, आणि कामगार वस्तीत नशेने उद्ध्वस्त झालेले संसार मी पुष्कळ पाहिले आहेत. पण ज्यांचा आज विषय आहे ते लोक याला नशा म्हणत नाहीत. ते त्याला औषध म्हणतात, आणि काही जण देव म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला वयही आहे. टेक्ससमध्ये रिओ ग्रांदेच्या काठी शुमला नावाच्या गुहा आहेत. तेथील उत्खननात पेयोटेचे नमुने सापडले. त्यांचे वय सुमारे सहा हजार वर्षे ठरले, आणि त्यांत मेस्कलिन अजून शाबूत निघाले. मोहेंजोदारो वसण्याच्या पुष्कळ आधीपासून माणूस हा निवडुंग जपून ठेवत होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

स्पॅनिश लोक मेक्सिकोत आले तेव्हा त्यांच्यातल्या बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने स्थानिक लोकांकडून ऐकून त्यांच्या जगण्याचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात पेयोत्लची नोंद आहे, आणि त्याचा गुण उत्तरेतल्या चिचिमेक लोकांना प्रथम ठाऊक झाला असेही लिहिले आहे. पुढे राज्य स्थिरावल्यावर नोंद करणारे मागे पडले आणि बंदी घालणारे पुढे आले. १६२० साली मेक्सिकोतल्या धर्मन्यायालयाने जाहीरनामा काढून पेयोटेच्या वापरास मनाई केली. हे सैतानाचे काम आहे, असे त्यांचे मत. तेव्हापासून चार शतके या बोटभर उंचीच्या वनस्पतीवर कोणती ना कोणती बंदी आहेच.

परंतु डोंगरातली माणसे हुकूम वाचत नाहीत. पश्चिम मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे पर्वतात विशारिका नावाचे लोक राहतात. बाहेरचे त्यांना हुइचोल म्हणतात. पेयोटेला ते हिकुरी म्हणतात. आता पाहा, त्यांच्या डोंगरात हिकुरी उगवत नाही. तो उगवतो पाचशे किलोमीटर दूर, सान लुइस पोतोसीच्या पठारावर, ज्या भूमीला ते विरिकुता म्हणतात. म्हणून ते दर वर्षी यात्रेला निघतात. पूर्वी सारी वाट पायी होती. आता पुष्कळसा रस्ता मोटारीने होतो, तरी ठरलेल्या झऱ्यांवर आणि ठरलेल्या टेकड्यांवर थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. वाटेत यात्रेकरू सर्वांसमक्ष आपल्या चुका बोलून दाखवतात. प्रत्येक चुकीची दोरीला एक गाठ मारतात आणि मग ती दोरी जाळून टाकतात. विरिकुतात पोचल्यावर पहिल्या हिकुरीवर ते बाण सोडतात, कारण त्यांच्या लेखी हिकुरी हा हरिणच आहे आणि हरीण हेच मक्याचे कणीस आहे. शिकार, शेती आणि देव ही तीन नावे त्यांनी वेगळी ठेवलेली नाहीत. तोडताना मूळ जमिनीत राहू देतात, म्हणजे त्या हाडांतून तो पुन्हा उगवेल. पंढरीची वाट चालणाऱ्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की आपल्याला वाटेच्या शेवटी देऊळ भेटते, त्यांना झुडपाखालची जमीन भेटते. त्यामुळे ती जमीन नांगरली गेली तर त्यांचे देऊळ पडल्यासारखेच आहे.

आणि नेमक्या त्याच जमिनीच्या पोटात चांदी आहे. विरिकुताच्या डोंगरावर रेआल दे कातोर्से नावाचे गाव अठराव्या शतकाच्या अखेरीस चांदीच्या खाणींमुळे उभे राहिले. गावात जाण्यासाठी डोंगर पोखरून दोन किलोमीटरहून लांब बोगदा केला. तो १९०१ साली पुरा झाला. पुढे चांदीचा भाव पडला, क्रांतीची धामधूम आली, खाणी बंद पडल्या, आणि हजारो वस्तीचे गाव ओस झाले. घरे राहिली, माणसे गेली. बंद गिरणीची चाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते चित्र वेगळे सांगावे लागणार नाही.

२०१० सालच्या सुमारास एका कॅनेडियन कंपनीने याच प्रदेशात चांदीच्या खाणीचे सहा हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्राचे परवाने घेतले. विरिकुताचे सुमारे १ लाख ४० हजार हेक्टर क्षेत्र प्रांतिक सरकारने त्यापूर्वीच राखीव ठरवलेले होते. परवाने देणारे केंद्राचे खाते निराळे. सरकारच्या उजव्या हाताचे डाव्या हाताला न कळणे हा काही आपल्याच देशाचा विशेष नव्हे. विशारिका लोक उठले, राजधानीत गेले, न्यायालयात गेले. २०१२ साली न्यायालयाने त्या परवान्यांवरील कामास स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिको शहरात त्यांच्यासाठी जी संगीतसभा झाली तिला हजारोंनी गर्दी केली.

येथे मला कामगार चळवळीचा माणूस म्हणून एक गोष्ट लपवता येत नाही. रेआल दे कातोर्सेच्या परिसरातल्या पुष्कळ गरीब लोकांना खाण हवी होती. त्यांचे आजे-पणजे खाणकामगार होते, आणि त्यांना रोजगार हवा होता. यात्रेकरू वर्षातून एकदा येतात. पोट रोज भरावे लागते. मी त्या गावात संघटक असतो तर कोणाच्या बाजूने उभा राहिलो असतो? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. माझे उत्तर असे: खाण किती वर्षे चालली आणि मागे काय ठेवून गेली, याचा हिशेब त्या ओस गावाच्या भिंतींवर लिहिलेला आहे. खाणीतली मजुरी चांदीबरोबर संपते. पण हे उत्तर मी आज पंख्याखाली उभा राहून देतो आहे, हेही मला विसरता येत नाही. रोजगाराची दुसरी सोय केल्यावाचून नुसते 'खाण नको' म्हणणे हे पोट भरलेल्याचे बोलणे होईल.

विरिकुताचा लढा मात्र पुढे सरकला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या अध्यक्षांनी विशारिका आणि त्यांच्या शेजारच्या जमातींची पवित्र स्थळे मान्य करून त्यांच्या संरक्षणाचा हुकूम काढला, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने विरिकुताच्या यात्रामार्गाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. तथापि पठारावर टोमॅटोच्या मोठ्या बागायती वाढत आहेत, त्यांच्यासाठी झुडुपे उखडली जातात, आणि कुतूहलाने येणारे परदेशी हौशी लोक हिकुरी उपटून नेतात.

आता नदी ओलांडून उत्तरेला जाऊ. माझा खटला तिकडचा आहे.

अमेरिकेच्या मध्य मैदानांत कोमांचे, कायोवा वगैरे लोक रानगव्यांच्या कळपांवर जगत. १८७० नंतरच्या दहा वर्षांत तेथील कळप बेसुमार शिकारीने नाहीसे झाले, आणि कोमांचे लोकांचा पुढारी क्वाना पार्कर १८७५ साली आपल्या माणसांसह शरण आला. घोड्यावर जन्मलेली माणसे सरकारने आखून दिलेल्या राखीव क्षेत्रात, शिधापत्रकाच्या रांगेत आली. याच पराभवाच्या काळात पेयोटेचा विधी त्यांच्यात पसरला: रात्रभर अग्नीभोवती बसायचे, ढोलकीवर गाणी म्हणायची, औषध घ्यायचे, पहाटे पाणी प्यायचे आणि एकत्र जेवायचे. मिशनरी आणि सरकारी अधिकारी यांना त्यात बंडाचा वास आला. क्वाना पार्करने मरेपर्यंत, म्हणजे १९११ पर्यंत, या विधीची बाजू अधिकाऱ्यांपुढे मांडली.

पण विधी उत्तरेत आणि वनस्पती दक्षिण टेक्ससमध्ये. ती तिकडे पोचली कशी? या ठिकाणी इतिहासात कामकरी माणूस येतो. १८८१ साली कॉर्पस क्रिस्टी बंदरापासून सीमेवरच्या लारेडो गावापर्यंत आगगाडी सुरू झाली. त्या भागातली मेक्सिकन वंशाची गरीब कुटुंबे रानात जाऊन पेयोटेचे माथे कापत, उन्हात वाळवत आणि पोत्यांत भरून रवाना करीत. वाळलेला माथा गुंडीसारखा दिसतो, म्हणून व्यापारात त्याला 'बटण' म्हणतात. हे काम करणाऱ्यास 'पेयोतेरो' म्हणतात. लोस ओहुएलोस नावाची लहानशी वस्ती या धंद्याचे ठाणे होती. तेथेच १९०४ साली जन्मलेल्या अमादा कार्देनास या बाईंनी नवऱ्याबरोबर हा व्यवसाय केला. पुढे रीतसर सरकारी परवाना मिळालेल्या त्या पहिल्या व्यापारी. दूरदूरचे आदिवासी त्यांच्या मिरांडो सिटीच्या घरी उतरत, अंगणात विधी करीत. २००५ साली, शंभरी गाठून, त्या वारल्या. त्या स्वतः कॅथलिक होत्या; पण आलेल्या माणसाची श्रद्धा ही त्यांनी केवळ गिऱ्हाईकी मानली नाही.

१९१८ साली पेयोटेवर देशव्यापी बंदी आणणारे विधेयक वॉशिंग्टनच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाले आणि सिनेटमध्ये अडले. धोका ओळखून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात ओक्लाहोमा राज्यात या लोकांनी 'नेटिव्ह अमेरिकन चर्च' या नावाने आपली संस्था रीतसर नोंदवली. जेम्स मूनी या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांना सल्ला दिला, त्यांच्या बाजूने साक्षही दिली. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. कायोवांच्या क्षेत्रातून त्याला परत बोलावले गेले आणि १९२१ साली मरेपर्यंत पुन्हा जाऊ दिले नाही. नोंदणीकृत संघटनेचे महत्त्व काय असते, हे मला या प्रसंगावरून पुन्हा पटले. विखुरलेल्या माणसांच्या श्रद्धेला 'अंधश्रद्धा' म्हणून झटकता येते. शिक्का, घटना आणि सभासद-यादी असलेल्या संस्थेशी सरकारला पत्रव्यवहार करावा लागतो.

१९७० च्या मादक द्रव्यांच्या कायद्यात पेयोटे सर्वांत कडक वर्गात गेले. फक्त या चर्चच्या विधींपुरती सूट राहिली. पण राज्याराज्यांचे कायदे निराळे होते. ऑरेगॉन राज्यात सूट नव्हती. तेथे आल्फ्रेड स्मिथ नावाचे क्लामाथ जमातीचे गृहस्थ व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. लहानपणी घरापासून तोडून त्यांना वसतिशाळेत घातले गेले होते. तारुण्य दारूत गेले, आणि मग दारू सोडून अनेक वर्षे त्यांनी इतरांची सोडवली. त्यांनी आणि गेलन ब्लॅक या सहकाऱ्याने चर्चच्या विधीत पेयोटे घेतले. ब्लॅक यांना १९८३ मध्ये आणि स्मिथ यांना १९८४ मध्ये कामावरून काढण्यात आले. दोघांनी बेकारभत्ता मागितला. उत्तर आले: कामाशी संबंधित 'गैरवर्तना'मुळे काढलेल्यास भत्ता मिळत नाही.

तोच शब्द! वारीला गेलेल्या माझ्या माणसाच्या आरोपपत्रातला. निकालपत्रात तो दिसला तेव्हा मी पुस्तक मिटून चहाला गेलो, एवढेच सांगतो.

ऑरेगॉनच्या वरिष्ठ न्यायालयाने या दोघांच्या बाजूने कौल दिला. पण १७ एप्रिल १९९० रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, सहा विरुद्ध तीन मतांनी, तो फिरवला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिले त्याचा सारांश असा की, कायदा सर्वांना सारखा लागू असेल तर धर्माचे कारण सांगून तो टाळता येणार नाही. निकालावर देशभर गदारोळ उठला, कारण आज पेयोटे, उद्या आपण, हे सर्व पंथांनी ओळखले. १९९३ साली काँग्रेसने धर्मस्वातंत्र्याचा एक सर्वसाधारण कायदा केला, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये खास पेयोटेसाठी दुरुस्ती संमत झाली: मान्यताप्राप्त जमातींच्या सभासदांना विधीसाठी पेयोटे बाळगण्याचा, नेण्याचा आणि घेण्याचा हक्क सर्व राज्यांत मिळाला. या मोहिमेचे पुढारी, विनेबागो जमातीचे रुबेन स्नेक, कायदा होण्याच्या वर्षभर आधी वारले. चळवळीत असे पुष्कळदा होते.

कथा येथे संपली असती तर मी आपला वेळ घेतला नसता. विजयाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. माझा मुद्दा यापुढे आहे. कायद्याने निवडुंग घेण्याचा हक्क दिला. निवडुंग उगवण्याच्या जमिनीबद्दल कायद्यात अवाक्षर नाही. टेक्ससमधील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खासगी मालकीची आहे. पेयोटेचे रान म्हणजे हजारो एकरांची गुरांची कुरणे, तारेची कुंपणे आणि कुलूपबंद फाटके. मालकाने पैसे घेऊन आत सोडले तरच पेयोतेरो आत जाणार. पुष्कळ मालक आता सोडत नाहीत. त्यांना शिकारीच्या भाड्याचे उत्पन्न अधिक आहे. शिवाय मालक मोठे नांगर लावून झुडुपे मुळासकट उपटतात आणि गुरांसाठी बफेल गवत पेरतात. हे गवत म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे अंजन गवत. आपल्याकडे गुणाचे, तिकडे परके आणि सारे रान गिळणारे. दाई-झुडूप गेले की रोपही गेले, हे मी आधी सांगितलेच आहे.

रान आटले, हक्कदार मात्र वाढले. १९९७ साली टेक्ससच्या परवानाधारकांनी सुमारे तेवीस लाख बटणे विकली. जेवढे रान उघडे उरले तेवढ्यावर सगळा भार पडला, आणि तेच तेच रोप पुन्हा पुन्हा कापले जाऊ लागले. यात कसबाची एक गोष्ट आहे. फक्त वरचा हिरवा माथा जमिनीलगत आडवा कापला, तर खाली राहिलेल्या खोडातून नवे कोंब फुटतात. पाते खोल गेले आणि मुळापर्यंत पोचले, तर रोप मरते. जाणता पेयोतेरो अचूक कापतो. पण बटणांच्या संख्येवर मजुरी आणि फाटकाच्या आत राहण्याचा वेळ मोजका, अशा कामात हात सावकाश कसा चालेल? उक्त्या कामावर राबलेल्या कोणासही हे विचारून पाहा. बरे, नीट कापले तरी रोपाला अवधी हवा. मार्टिन टेरी या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह दक्षिण टेक्ससमध्ये प्रयोग केले. दर दोन वर्षांनी कापलेल्या रोपांचे नवे माथे लहान होत गेले आणि मरणाऱ्या रोपांचे प्रमाण वाढले. ज्या रोपाला फुलायलाच दहा वर्षे लागावीत, त्याच्याकडून दर दोन वर्षांनी उत्पन्न मागितले जात होते. आज निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने या जातीची नोंद असुरक्षित म्हणून केली आहे, आणि टेक्ससमध्ये परवानाधारक व्यापारी बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

आमच्या धंद्यात याला एक ओळखीचे चित्र आहे. वर्षानुवर्षे भांडून करार होतो, सही-शिक्क्याची प्रत हातात पडते, पेढे वाटले जातात; आणि दोन वर्षांनी मालक यंत्रे विकून कारखान्याला टाळे लावतो. करार खोटा नसतो; प्रत कपाटात तशीच असते. पण तो ज्या जागेवर उभा होता ती जागाच गेलेली असते. १९९४ चा कायदा असा करार होऊन बसण्याचा धोका त्या लोकांनी ओळखला. २०१७ साली त्यांच्यातल्या काहींनी एकत्र येऊन पेयोटेच्या संवर्धनाची संस्था काढली, देणगी मिळवली, आणि दक्षिण टेक्ससमध्ये ६०५ एकर जमीन विकत घेतली. तेथे रोपवाटिका केली, आणि कापावे कसे व थांबावे किती हे तरुणांना शिकवण्यास आरंभ केला. लाखो एकरांच्या रानात ६०५ एकर म्हणजे काहीच नव्हे. पण त्या फाटकाची किल्ली त्यांच्या हातात आहे.

मला या सगळ्यातून समजले ते इतकेच. ऑरेगॉनमधल्या दोन माणसांचा दोष नव्हता आणि टेक्ससमधल्या एका रोपाचाही नाही. माणसाचा हक्क आणि झाडाचे रान या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कचेऱ्यांत पाठवतो. एक कायदा-खात्याकडे, दुसरी वनखात्याकडे. प्रत्यक्षात त्या एकाच जमिनीवर उभ्या असतात. हक्कासाठी लढणाऱ्याने, म्हणजे आम्हीही, पुढच्या वेळी मागणीपत्र लिहिताना जमिनीचा रकाना कोरा सोडू नये.

वारीला गेलेला तो कामगार आता निवृत्त झाला आहे. हे व्याख्यान तयार करताना मी त्याला विशारिकांच्या यात्रेची हकीकत सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांची वाट अजून चालू आहे ना?" मी म्हटले, "चालू आहे." तो म्हणाला, "मग बरे."